बिनसाखरेचा

कॅन्सरच्या पेशी साखरेवर कशा फोफावतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. साखर फोडणारं त्यांचं एक एन्झाइम आहे. ते बंद पाडलं की काचेच्या बशीतल्या पेशी उपाशी मरतात. हे मी बाबांना मोठ्या हौसेनं सांगितलं होतं. तेव्हा आई ठणठणीत होती.

उपयोग होईना म्हणून डॉक्टरांनी आईची केमो बंद केली, त्याच दिवशी बाबांनी तिची साखर बंद केली. डबाच माळ्यावर टाकला. बिनसाखरेचा चहा काही तिच्या घशाखाली उतरेना.

शेवटी मी स्वयंपाकघरात गेले. "बाबा, घाला हो तिला साखर. चहातली बंद केली तरी त्या पेशी रक्तातली ओढून घेतातच."

"पण ते एन्झाइम तू बंद करतेस ना?"

"बशीत, बाबा. आईच्या अंगात नाही जमत अजून."

त्यांनी स्टूल ओढलं, डबा काढला, उकळत्या चहात दोन चमचे साखर घातली. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मग मी काय बंद करू?"

चहा उतू चालला होता.

"गॅस," मी म्हणाले.