बॉयलरचा भोंगा

अर्जुनीजवळच्या राइस मिलमध्ये लोकेश बॉयलर सांभाळायचा आणि त्याची बायको रेणू कंट्रोल रूममध्ये बसायची. पाण्याचा पंप थांबला म्हणून आपण बॉयलर बंद केला, असं तो सांगत होता. कॉम्प्युटरवर मात्र बॉयलर आधी आणि पंप नंतर बंद झालेला दिसत होता. विनाकारण बॉयलर बंद केला म्हणून मिलच्या मालकांनी, शेठजींनी, त्याला कामावरून काढलं. रेणूने शेठजींसमोरच बॉयलरवर लोकेशला फोन लावला. "जायच्या आधी एकदा भोंगा वाजवा." भोंगा वाजला. पण बॉयलरच्या यंत्राने तो पाच मिनिटं आधीच वाजल्याची नोंद केली. त्याचं घड्याळच मागे पडलं होतं; म्हणजे पंपच आधी थांबला होता. "रहने दो उसको," शेठजी म्हणाले. रेणूने सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळवली. जेवताना लोकेशने विचारलं, "तुलेबी शंका होती काय? म्हणून वाजवायले लावला?" "मले त ठाऊकच होतं," त्याला भाजी वाढत ती म्हणाली. "भोंगा शेठजीले आयकवायचा होता."