नॉर्मल चार, सुनिता शहाण्णव

“नॉर्मल चार अन् हिचा आकडा शहाण्णव,” शहादेवनं रिपोर्ट डॉक्टरीणबाईंपुढं सरकवला. “मंजी तब्येत लई झाक हाय की! मंग ही दिवसभर निजती कावून?”

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको निजून राहिली, तर अर्ध्या कोयत्याला मुकादम ट्रकमध्ये चढू देत नाही. म्हणून त्यानं सुनिताला धारूरहून अंबाजोगाईला आणलं होतं. दसऱ्याच्या उन्हात ती स्वेटर घालून बसली होती आणि सुजल्या डोळ्यांनी पंख्याकडं असं बघत होती, की त्यालाच अवघडल्यासारखं व्हावं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या टाचेमागं हातोडी मारली. पाऊल उडालं. मग कुणाची तरी परवानगी काढून आल्यासारखं सावकाश जागेवर आलं.

“तुमचा मुकादम कधी ओरडतो?” त्यांनी शहादेवला विचारलं.

“गडी हलंना झाला की.”

“तसंच आहे हे. गळ्यात थायरॉइडची ग्रंथी असते. ती काम करेना, म्हणून मेंदू तिच्यावर ओरडतोय. शहाण्णव म्हणजे नुसता आरडाओरडा. काम जवळपास बंद.”

आयुष्यात पहिल्यांदाच शहादेवला डॉक्टरचं बोलणं नीट कळलं.

“पाळीत अंगावरून जास्त जायचं का?” त्यांनी सुनिताकडं वळून विचारलं.

“लई जायचं.” तिचा आवाज बाप्यासारखा घोगरा झाला होता. “फडात उभं ऱ्हावंना. म्हणून गेल्या साली पिशवी काढली.”

“गर्भाशय? त्याआधी थायरॉइड तपासला होता?”

“न्हाई. तिथले डॉक्टर म्हणले, तपासायचं काय त्यात, काढूनच टाकू. थकवा बी जाईल.”

डॉक्टरीणबाईंचा पेन कागदावर टेकून तसाच राहिला.

“रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी,” मग चिठ्ठी लिहीत त्या म्हणाल्या.

“तवा ही गोळी घेतली असती तर जायचं ते थांबलं असतं?” सुनितानं विचारलं.

“बहुतेक.”

शहादेवला बायकोची फार दया आली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाई, गोळ्यांचं लांबण कशाला? ती गळ्यातली बी काढूनच टाका. तोडीला जायच्या आत जखम भरंल.”

कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच सुनिताचे हात झपकन हलले आणि दोन्ही गळ्यावर जाऊन बसले.