तीन बोटं

कारखान्याच्या कँटीनमध्ये वाढपाच्या खिडकीशी ओळ अडली होती. सगळ्यांत पुढे शिडी होता. हा फिटर इतका उंच, की त्याला दुसरं काही नाव आहे हे लोक विसरून गेले होते. त्याने वाढलेलं ताट परत खिडकीत ठेवलं.

"मामा, ही भाजी आजाऱ्यांसाठी केली होती का? चुकून आम्हाला वाढलीत."

ओळ हसली. मामांना हसू आलं नाही. बावीस वर्षं ते इथले आचारी होते. चारशे माणसांचं तिखट-मीठ त्यांच्या एका जिभेवर ठरत होतं. त्यांनी पळीतला रस्सा तळहातावर घेतला आणि चाखला. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"नुसता जाळ आहे. तुमच्याच जिभा मेल्यात."

कांदा चिरणाऱ्या मावशींनीही थेंबभर चाखलं. "रागावू नका मामा, पण याच्यापेक्षा दूध तिखट. पूर्वी तिखटाचा डबा आठवड्यात संपायचा. हा तिसरा आठवडा, अजून निम्मा शिल्लक आहे."

 आचाऱ्याची चव गेली की त्याच्या हातात पळी राहत नाही, हे मामांना कुणी सांगायला नको होतं.

शिडीच्या मागे कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "जाळ होतो तो जिभेवर की गालात?"

"डाव्या गालात. दाढ घासत असेल."

"सुपारीची पुडी त्याच गालात धरता ना?"

"हं."

"हात धुवा. तीन बोटं जोडून, उभी, तोंडात घाला बघू."

"चारचौघांत काय हे सिस्टर?"

"मला भूक लागलीय मामा. लवकर घाला."

दोन बोटं गेली. तिसरं दातांशी अडलं. मामांनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा अडलं. सिस्टरांनी स्वतःची तीन बोटं घालून दाखवली. मावशी हात धुऊन आल्या, त्यांचीही सहज गेली.

"मी डॉक्टर नाही," सिस्टर म्हणाल्या. "काही नसेलही. पण तिखट झोंबायला लागलं, तोंड पूर्वीसारखं उघडेना, गालात पांढरा चट्टा दिसला किंवा दोन-तीन आठवडे जखम भरली नाही, तर दाखवायचं. कॅन्सर लवकर सापडला तर पुष्कळ काही करता येतं. डॉक्टर आत्ता दवाखान्यात आहेत."

"आत्ता कसं जमेल? एवढी माणसं जेवायची आहेत. रविवारी जातो."

"कुठल्या रविवारी?" मावशींनी विचारलं.

 मामा पातेलं ढवळत राहिले.

एव्हाना ओळीत खेळच सुरू झाला होता. जो तो तोंडात बोटं घालून शेजाऱ्याला दाखवत होता. बोटं तोंडात असल्यामुळे कुणाला धड हसता येत नव्हतं. शिडी मात्र भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने हात पँटला पुसला. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. मामांचं होतं.

"किती गेली?" त्यांनी खिडकीतून वाकून हळूच विचारलं.

"दोन. माझी बोटंच जाड आहेत."

मामा बघत राहिले. शिडीने नजर चुकवली.

"आणि मला तर काही दुखतही नाही, मामा."

मामांनी पळी मावशींच्या हातात दिली. "तिखट तुमच्या जिभेनं घाला," ते म्हणाले, आणि एप्रनची गाठ सोडत खिडकीमागून बाहेर आले.

"सुरुवातीला मलाही दुखत नव्हतं," ते शिडीला म्हणाले. "चल."