बिनसाखरेची आइसकांडी

"घरात याला गोड कोण देतंय?" रिपोर्ट टेबलावर ठेवत डॉक्टरांनी विचारलं.

मुलगा आपल्या पायाच्या बँडेजकडे बघत राहिला. सुनेने हळूच सासूच्या हातावर हात ठेवला. झालं, डॉक्टरांना उत्तर मिळालं.

"आजी, आईची माया मला कळते," ते म्हणाले. "पण साखर अशीच चढत राहिली तर ही जखम भरायची नाही. आज बोटावर निभावतंय, उद्या पाऊल काढावं लागेल."

"मी नाही हो काही देत," म्हातारी पुटपुटली. पण चोराच्या मनात चांदणं. एकदा तिने त्याला बिस्किटं दिली होती, तीही त्याने डोळे वटारले म्हणून. त्याने डोळे वटारले की नाही म्हणायची घरात कोणाची टाप नव्हती.

येताना रिक्षात ती पोराच्या पायाकडेच बघत होती. आपल्या हाताने पोराचा पाय जायचा, ही भीती तिच्या मनातून जाईना.

सुनेला बोल लावायला तर जागाच नव्हती. तिने साखरेचा डबा उचलून शेजारणीला देऊन टाकला होता. कोणी गोडधोड घेऊन आलं की दारातूनच परत पाठवायची. नवऱ्याला गोडाची तलफ आली की तो घर डोक्यावर घ्यायचा, म्हणून तिने आइसकांडीचं यंत्र आणलं. यंत्र कसलं, एक जाडजूड साचा. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा, सकाळी खाचांत रस ओतायचा, काड्या खोचायच्या. भांडी घासून होईपर्यंत कांड्या तयार. वर किल्ली बसवून फिरवली की अलगद बाहेर. गोडीसाठी मधुमेहवाल्यांच्या गोळ्या पाण्यात विरघळवून तिने बाटली भरून ठेवलेली असायची. मागेल तितक्या कांड्या ती त्याला द्यायची. बिनसाखरेच्या, मग काय बिघडतं?

यंत्राला मात्र ती कोणाला हात लावू देत नसे. "आई, गार साच्याला बोटं चिकटतात. तुम्ही राहू द्या," म्हणायची.

पाय असा झाल्यापासून घर शांत होतं, एवढं म्हातारीलाही कबूल होतं. पूर्वी जिन्यात त्याची पावलं वाजली की सुनेच्या हातातलं काम थांबायचं. दुसऱ्या दिवशी ती भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून कामावर जायची. म्हातारी तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवून बसायची. नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडा? आता तो कुबडी घेऊन पलंगापासून न्हाणीपर्यंत जायचा, तेवढंच. आणि त्याच बायकोने त्याची ही सेवा चालवली होती. दुसरी असती तर कधीच माहेरी निघून गेली असती.

रात्रीच्या जेवणानंतर सून तिच्याजवळ येऊन बसली.

"आई, काही दिवस ताईंकडे राहून या. माझा तुमच्यावर संशय नाही. पण तुम्ही समोर दिसलात की हे मागणार, आणि तुम्हाला राहवणार नाही."

म्हातारीचे डोळे भरून आले. या वयात जावयाच्या दारात जाऊन पडायचं, तेही पोराला विष घातल्याचा ठपका घेऊन. पण पोराचा पाय वाचत असेल तर कुठेही जायला ती तयार होती. "उद्या संध्याकाळी जाते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सून कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानातून तिचा फोन आला. माल आला होता, उशीर होणार होता. इकडे पलंगावरून कुबडी आपटायला सुरुवात झाली.

"आई, कांडी दे."

फ्रीझरमध्ये साचा गारठलेला होता, पण कांडी नव्हती. बाटलीही रिकामी होती. पण गोळ्यांची डबी फळीवर होती आणि लिंबं होती. जाण्याआधी पोराला आपल्या हातचं, साखरेचा कणही नसलेलं काहीतरी द्यावं, असं म्हातारीच्या मनाने घेतलं. सूनबाईला जमतं ते आपल्याला का जमू नये? तिने रस काढला, गोळ्या पाण्यात विरघळवल्या, साचा भरला, काड्या खोचल्या.

वेळ झाल्यावर तिने किल्ली फिरवली. कट्‌ असा आवाज झाला आणि नुसती काडी हातात आली. दुसऱ्या खाचेतही तेच. कांडी साच्याला अशी धरून बसली की हलायला तयार नाही.

"एवढंही जमत नाही तुला?" मुलगा आतून ओरडला. "तिच्या बऱ्या निघतात."

म्हातारीने किल्ली खाली ठेवली. मोडलं वाटतं. जाता जाता हेही आपल्याच माथी यायचं. तिने माळ्यावरून खोकं काढलं, चष्मा लावला आणि त्यावरचा कंपनीचा नंबर फिरवला.

पलीकडची बाई गोड बोलणारी होती. "घाबरू नका मावशी, यंत्राला काही झालेलं नाही. कोमट पाण्यात धरा, सुटेल. रसात काय घातलं होतं?"

"गोळ्या. मधुमेहवाल्यांच्या. साखर नाही हो अजिबात, माझ्या मुलासाठी आहे ना."

"मग बरोबर. या साच्यात बिनसाखरेची कांडी चिकटूनच बसते. साखर असेल तरच ती सुटते. खोक्यावर लिहिलंय बघा."

"असं कसं? माझी सून रोज बिनसाखरेच्याच करते. अगदी अलगद निघतात."

"नाही हो मावशी," बाई हसून म्हणाली. "अलगद निघत असतील, तर त्या भरपूर साखर घालतात."