वकिलांच्या सहा खुर्च्या

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. लग्नाला महिना होत नाही तोच नवा नातजावई वही आणि कॅमेरा घेऊन दारात हजर. एका साप्ताहिकात तो आरोग्याचं पान लिहायचा, आणि ब्याऐंशीव्या वर्षी दिवसभर जमिनीवर बसून वेताच्या खुर्च्या विणणारा आजेसासरा त्याला आयताच सापडला होता.

म्हातारा खुशीत होता. "लिहा, जावईबापू. पहाटे पाचला उठणं. दोन घासांची भूक ठेवून ताटावरून उठणं. आणि कुणाचा हेवा करायचा नाही, त्याने पित्त वाढतं." बोलताना हात थांबले नव्हते. वेताची भिजवलेली साल चौकटीच्या भोकांतून वर यायची, खाली जायची. "पण खरं औषध हे काम. कुणीतरी आपल्यासाठी खोळंबलंय, एवढं ठाऊक असलं की गुडघे दुखायला धजत नाहीत."

"दुखले तरी सांगणार कुणाला? ऐकायला इथे रिकामं कोण आहे?" सून आतून म्हणाली. सगळे हसले. दाराला टेकून उभा असलेला मुलगा तेवढा हसला नाही.

"आजोबा, एक फोटो तुमच्या गिऱ्हाइकाच्या घरी घेऊ या का?"

"वकिलांकडे चला. सहा दिल्यात त्यांना." म्हातारा हात न टेकता उठला आणि त्याने पायात चपला सरकवल्या.

मुलगा दारात आडवा आला. "बाबा, ते कोर्टात असतील."

"खुर्च्याही जातात का रे कोर्टात?"

म्हातारा चालू लागला. मागून मुलगा, धापा टाकत. त्याला पंचावन्नाव्या वर्षीच साखर आणि कंबर दोन्ही लागली होती.

अडीच वर्षांपूर्वी गिऱ्हाईक बंद झालं तेव्हा याच म्हाताऱ्याने अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "यांना आजार नाही, काम नाही. काम द्या." मुलाने माळ्यावरची एक जुनी चौकट काढली. "वकिलांची आहे, बाबा. घाई आहे म्हणालेत." म्हातारा त्याच संध्याकाळी उठून बसला. तेव्हापासून हेच चाललं होतं. म्हाताऱ्याने विणायचं, मुलाने "पोचवून येतो" म्हणून खुर्ची मागच्या खोलीत न्यायची, म्हाताऱ्याचा दुपारी डोळा लागला की वीण कापून काढायची, चौकटीला वेगळं पॉलिश मारायचं आणि आठवड्याने दुसऱ्या कुणाची म्हणून पुढ्यात ठेवायची. एकदा खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवत म्हातारा म्हणाला होता, "ही ओळखीची वाटते रे."

"आता सगळा माल एकाच साच्यातून निघतो, बाबा."

"तरीच."

वकिलांच्या फाटकाच्या कडीला म्हाताऱ्याने हात घातला तेव्हा मुलाने तो धरला. "नका जाऊ. सहा नाहीत. एकही नाही." आणि तिथेच, रस्त्यावर, जावयादेखत त्याने सगळं सांगून टाकलं.

म्हाताऱ्याचा हात कडीवरच राहिला.

"चौकटी किती?"

"चार."

"वीण कशाने कापायचास?"

"ब्लेडने."

"मधोमध?"

"हो. बाबा, तुमच्यासाठीच केलं हो. डॉक्टर म्हणाले होते..."

"तुझ्या पोरीच्या लग्नातून मी न जेवता उठून आलो," म्हातारा म्हणाला. "हात धरला होता तिने माझा. म्हटलं, सोड, उद्याचा शब्द दिलाय वकिलांना. तू शेजारीच होतास."

मुलगा खरोखरच शेजारी होता. म्हाताऱ्याला घरी जायला गाडीही त्यानेच बोलावून दिली होती.

जावयाने वही खिशात घातली. घरी आल्यावर म्हाताऱ्याने हात धुतले आणि भर दुपारी खाटेवर जाऊन पडला, तो दुसऱ्या दिवशीही उठला नाही.

मुलगा चार दिवस दारोदार फिरला. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी बैठक फाटलेली खुर्ची मिळाली. ती त्याने डोक्यावरून आणून खाटेशी ठेवली.

"ही खरी आहे, बाबा. तुमची शपथ."

"असेल," म्हातारा म्हणाला. त्याने हात लावून पाहिला नाही.

संध्याकाळी मुलगा शिक्षिकाबाईंनाच घेऊन आला. त्या खाटेजवळ बसल्या. "आजोबा, खुर्ची माझीच आहे. माझ्या यजमानांची. तुमच्याशिवाय कोण विणणार?"

म्हाताऱ्याने त्यांना नमस्कार केला, पाणी द्यायला सांगितलं. त्या गेल्यावर तो मुलाकडे वळला.

"बाईंनाही पढवून आणलंस?"

पुढे तो फारसा बोलला नाही. डॉक्टर दोनदा येऊन गेले. नाडी चांगली होती, रक्तदाब मुलापेक्षा बरा होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास म्हातारा गेला.