खांबसाहेब आणि बिनहातांचं बाक

१९९६ सालच्या मे महिन्यात, ट्रामच्या नव्या स्टेशनात, मोठे साहेब एका बाकासमोर उभे राहून नाही म्हणत होते.

बाक लांब आणि गुळगुळीत होतं. पाठ नाही, टेकायला हात नाहीत. स्टेशनचा नकाशा काढणारी तरुण आर्किटेक्ट म्हणत होती, हात हवेतच. बाकी सगळं तिच्या मनासारखं झालं होतं. फलाट आणि गाडी एका पातळीत होती, पायरीच नव्हती. कडेला अंधांसाठी ठिपक्यांच्या पिवळ्या फरश्या होत्या. घोडं अडलं होतं बाकापाशी.

“पाच मिनिटांत गाडी येते,” साहेब म्हणाले. “बसायचंच कशाला? मी बसतो का?”

खरंच बसत नसत. मीटिंगमध्ये उभे, चहाला उभे, फोनवरही उभे. ऑफिसात त्यांना खांबसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे.

आर्किटेक्टने त्या दिवशी मुद्दाम आईला आणलं होतं. आईची सख्खी बहीण ट्रामच्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दोघींची तीन वर्षं गाठ नव्हती. आईला गाडीची वाट बघत उभं राहवत नसे, आणि एकदा बसली की काही धरल्याशिवाय उठता येत नसे.

“आजी, बसून बघा,” साहेब म्हणाले. “छान आहे बाक.”

“आजी कुणाला म्हणता? फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेन. आधी तुम्ही बसा.”

सोबत आलेले ऑफिसातले सगळे हसले. साहेबांचा नाइलाज झाला. ते बसले. आई शेजारी टेकली.

मग मंडळी तिकिटाचं यंत्र बघायला गेली. साहेब गेले नाहीत. “व्हा पुढे,” म्हणाले. त्यांचे दोन्ही तळवे मांड्यांवर घट्ट रोवलेले होते. तसे तळवे आई रोज स्वतःचेच बघत होती.

“किती वर्षं झाली गुडघ्यांना?” तिने हळूच विचारलं.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. “आठ. कुणाला बोलू नका. कळलं तर घरी पाठवतील मला.”

“मी कुठे जाऊन सांगणार? मलाच उठता येत नाहीये.”

लेक परत आली तेव्हा दोघं पोट धरून हसत होती आणि जागची हलत नव्हती.

“आधी साहेबांना हात दे,” आई म्हणाली. “लवकर. ते लोक तिकडे आहेत तोवर.”

साहेब उठले. कोट झटकला, चष्मा नीट केला. मग तिच्या हातातला नकाशा घेऊन बाकाच्या चित्राला पेनाने स्वतः हात काढले. दोन कडांना, एक मधे. खाली सही केली.

पुढे लेकीने आणखी सात स्टेशनं केली. आई दर बुधवारी बहिणीकडे जाऊ लागली. बहीण होती तोवर तिने एकही बुधवार चुकवला नाही. साहेब दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभातही म्हणे उभेच होते.

निवृत्तीनंतरच्या एका बुधवारी मायलेकींना ते त्याच स्टेशनात दिसले, बाकावर एकटेच. एक गाडी आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. साहेबांना डुलकी लागली असेल म्हणून लेक हाक मारायला निघाली. आईने तिची बाही धरली.

“राहू दे गं. दहा वर्षांनी निवांत बसलाय माणूस.”