तक्त्याच्या खाली

“वरून वाचत या,” चष्मेवाला म्हणाला.

खुर्चीतल्या बाईने तपासणीची जड फ्रेम नाकावर सावरली आणि तक्त्यावरच्या सगळ्या ओळी न अडखळता वाचून काढल्या. मग म्हणाली, “त्याच्याही खाली छापणाऱ्याचं नाव आहे. तेही वाचू?”

त्याने मान वळवून बघितलं. वीस वर्षं हा तक्ता भिंतीवर होता. नाव त्याला आजच दिसलं.

“ताई, नजर तर घारीची आहे तुमची! चष्मा कशाला हवा?” तो हसला. काउंटरमागे काचा पुसणारी त्याची बायकोही हसली.

“चष्म्यासाठी आलेच नाही.” तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. “हे तुमच्याच दुकानाचं पान ना?”

पडद्यावर एक म्हातारा तोंडभरून हसत होता. नाकावर मोठा गोल चष्मा. वर चष्मेवाल्यानेच लिहिलेली ओळ: ‘आमच्याकडे आले आणि आजोबांचं जग उजळलं!’ चार हजार लोकांना ती आवडली होती.

“फोटो मी काढलाय. खाली माझं नाव होतं. तुम्ही कापलंत.”

हातातली स्वच्छ काच तो उगाच पुसू लागला. “अहो, नेटवर होता. मला वाटलं, तिथलं सगळं सगळ्यांचंच असतं.”

“बाहेर माझी सायकल उभी आहे. तीही सगळ्यांना दिसते.”

त्याने काच खाली ठेवली.

“हे माझे बाबा. जन्मापासून आंधळे आहेत.”

काउंटरमागचं फडकं थांबलं. “काय हो,” बायको हळूच म्हणाली, “तुम्ही तर म्हणालात, यांचा नंबर तुम्हीच काढलात.”

दुकानात चारही बाजूंना आरसे. नजर वळवायला जागा नव्हती.

बाईने मूळ फोटो उघडला. कापलेल्या भागात एका म्हातारीचा हात खालून वर आला होता, आणि त्याच्या मनगटाशी बारीक अक्षरांत नाव. “चष्मा आईचा. तिला हसवायला बाबांनी पळवला होता. ती परत मागतेय.”

“मी आत्ताच्या आत्ता काढून टाकतो.”

“जाहिरातीचं ऐकून बाबा दोन दिवस हसताहेत. आई दार लावून बसलीय. शेजारीण येऊन बोलून गेली, ‘यांना दिसायला लागलं आणि आम्हाला सांगितलंही नाहीत?’” बाईचा आवाज पहिल्यांदाच हलला. “वकील मला म्हणाले, फोटोवर हक्क तुमचा, नोटीस पाठवा. पाठवणारच होते. बाबांनी अडवलं. म्हणाले, आधी माणूस बघून ये.”

चष्मेवाल्याची मान खालीच होती. “बघितलात?”

तिने मोबाइल खाली घेतला. “नुसतं काढू नका. काढलं की काही झालंच नव्हतं, असं होतं. पूर्ण फोटो टाका, आईच्या हातासकट, नावासकट. आणि वर खरं लिहा. नोटिशीचं मग बघू.”

तो आपल्या मोबाइलवर लिहायला लागला. अक्षरं दिसेनात. बायकोने त्याचा चष्मा पुढे केला. त्याच्या तोंडाकडे मात्र तिने बघितलं नाही.

‘यांना दिसत नाही. हे आमच्याकडे कधी आले नव्हते. मी खोटं लिहिलं. फोटो यांच्या लेकीने काढलाय, तिला न विचारता मी घेतला.’

बाईने ते दोनदा वाचलं. तपासणीची फ्रेम अजून नाकावरच होती. ती उतरवून तिने टेबलावर ठेवली आणि ती गेली.

बाकावर वाट बघत बसलेले एक आजोबा उठून खुर्चीत बसले. “वरून ना?” त्यांनी सवयीने विचारलं.

“नाही, आजोबा,” चष्मेवाला म्हणाला. “अगदी खाली एक नाव आहे. ते दिसतंय का बघा.”